सशाच्या वेतातील पिलांचे रंग : अंदाज आणि पडताळा

ससेपालन करणाऱ्या शेतकऱ्यांकडून एक तक्रार वारंवार ऐकावयास मिळते. करड्या रंगाचा चिंचिला नर आणि त्याच रंगाची मादी यांची जोडी लावली. वेत आठ पिलांचे झाले. त्यांपैकी सहा पिले आईबापांसारखी करडी निघाली आणि दोन मात्र शुभ्र पांढरी, लाल डोळ्यांची निघाली. शेतकऱ्याच्या मनात लगेच संशय उभा राहतो. मादीला दुसरा कोणी नर लागला असावा, किंवा ज्याच्याकडून जोडी घेतली त्याने फसविले असावे, असे त्यास वाटते. काही ठिकाणी तर ही मादी ‘बिघडली’ असे समजून तिला कळपातून काढून टाकण्यात येते. अशा रीतीने वेळेवर विणारी, भरपूर दूध असणारी आणि पिले जिवापाड जपणारी मादी केवळ पिलांच्या रंगापायी हातची जाते.

वास्तविक या प्रकारात संशयास जागा नसते. दोन करड्या सशांपासून पांढरी पिले होणे हे निसर्गनियमास धरून आहे, आणि तो नियम पाटीवर चार घरे आखून कोणासही समजावून घेता येतो. तो समजला म्हणजे जोडी लावण्यापूर्वीच पिलांच्या रंगांचा अंदाज करता येतो. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, जन्मलेल्या पिलांवरून त्यांच्या आईबापांची परीक्षा करता येते. प्रस्तुत लेखात हे दोन्ही उपयोग क्रमाने सांगितले आहेत.

गुण दोहोंकडून येतात

प्रत्येक गुणासाठी सशाच्या शरीरात दोन जनुके असतात. त्यांतील एक त्यास बापाकडून आणि दुसरे आईकडून मिळालेले असते. पुढे हा ससा स्वतः बाप किंवा आई होतो, तेव्हा तो आपल्या जोडीतील एकच जनुक प्रत्येक पिलास देतो. दोहोंपैकी कोणते जनुक कोणत्या पिलाच्या वाट्यास यावे, हे नाणेफेकीप्रमाणे केवळ योगायोगावर अवलंबून असते.

जोडीतील दोन्ही जनुके एकसारखी असतील तर त्या गुणापुरता तो ससा शुद्ध समजावा. ती भिन्न असतील तर तो मिश्र समजावा. मिश्र सशात बहुधा एकाच जनुकाचा प्रभाव बाहेर दिसतो, दुसरे आत दडून राहते. जे बाहेर दिसते ते प्रभावी आणि जे दडते ते अप्रभावी. दडलेले जनुक नष्ट होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ते मुकाट्याने चालत येते आणि दोन्ही बाजूंनी एकाच पिलात येऊन मिळाले म्हणजे पुन्हा प्रकट होते.

हा नियम ग्रेगोर मेंडेल या धर्मोपदेशकाने वाटाण्याच्या झाडांवर प्रयोग करून शोधून काढला. त्याने तो १८६५ साली ब्रुन या गावी विद्वानांपुढे मांडला आणि १८६६ साली छापून प्रसिद्ध केला. तथापि १९०० सालापर्यंत त्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. त्यानंतर अल्पावधीतच प्राण्यांवर प्रयोग सुरू झाले. अमेरिकेत विल्यम कॅसल यांनी १९०५ साली गिनीपिग व ससे यांच्या केसांच्या गुणांवरील आपले संशोधन प्रसिद्ध केले. इंग्लंडात केंब्रिज येथे रेजिनाल्ड पनेट यांनीही सशांच्या रंगांचा अभ्यास केला. पुढे ज्या चौकटीचा आपण उपयोग करणार आहोत, ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

चौकट कशी मांडावी

आता वरील तक्रारीतील जोडीचा विचार करू. अंगावर रंग उमटू देणाऱ्या जनुकास ‘र’ म्हणू आणि रंग मुळीच न उमटू देणाऱ्या पांढऱ्या जनुकास ‘प’ म्हणू. ‘र’ प्रभावी आहे. म्हणून ज्या सशात र-र अशी जोडी आहे तो करडा, आणि ज्यात र-प अशी जोडी आहे तोही करडाच दिसतो. ज्यात प-प आहे तोच पांढरा होतो. तक्रारीतील नर आणि मादी हे दोघेही र-प आहेत असे धरून पाटीवर चार घरांची चौकट काढावी. नराकडून येणारी जनुके डाव्या बाजूस आणि मादीकडून येणारी वरच्या बाजूस लिहून घरे पुढीलप्रमाणे भरावीत.

नराकडून र, मादीकडून र : र-र, करडे
नराकडून र, मादीकडून प : र-प, करडे
नराकडून प, मादीकडून र : र-प, करडे
नराकडून प, मादीकडून प : प-प, पांढरे

चार घरांपैकी तीन करडी व एक पांढरे, असे हे प्रमाण आहे. आठ पिलांच्या वेतात सहा करडी व दोन पांढरी निघाली, ती अगदी अपेक्षेप्रमाणेच निघाली. यात दुसऱ्या नराचा संबंध नाही. मादीत काही बिघाड झाला असेही नाही.

याच रीतीने इतर जोड्याही तपासून पाहाव्यात. शुद्ध करडा (र-र) आणि पांढरा (प-प) यांची सर्व पिले करडी दिसतील, परंतु प्रत्येकात एक ‘प’ दडलेला असेल. मिश्र करडा (र-प) आणि पांढरा (प-प) यांची पिले निम्मी करडी व निम्मी पांढरी होतील. लाल डोळ्यांचे दोन पांढरे ससे एकत्र आले तर त्यांची सर्व पिले पांढरीच होतील. अशा जोडीच्या वेतात रंगीत पिलू निघाले, तर मात्र नराच्या नोंदीत कोठेतरी गफलत झाली आहे असे खुशाल समजावे.

या चौकटीवरून आणखी एक बोध घेण्यासारखा आहे. दोन मिश्र सशांच्या वेतातील तीन करड्या घरांपैकी दोन घरांत ‘प’ दडलेला आहे. तेव्हा वेतातील पांढरी पिले विकून टाकली आणि करडी तेवढी पैदाशीसाठी ठेवली, म्हणजे कळप शुद्ध झाला, ही समजूत चुकीची आहे. पांढरी पिले दृष्टीआड होतात, पांढरेपण मात्र करड्यांच्या पोटी कळपातच राहते.

प्रमाण म्हणजे हमी नव्हे

तीनास एक हे प्रमाण पुष्कळ पिलांची बेरीज केली म्हणजे दिसून येते. प्रत्येक वेतात ते तंतोतंत उतरेलच असे नाही. दोन मिश्र सशांच्या आठ पिलांच्या वेतात एकही पांढरे पिलू न निघण्याचा संभव दहांत सुमारे एक इतका असतो. म्हणजे अशी दहा वेते पाहिली तर साधारणतः एक वेत संपूर्ण करडे निघेल आणि तेवढ्यावरून जोडी शुद्ध आहे असा ग्रह होईल. उलट एखाद्या वेतात चार पांढरीही निघतील. म्हणून एकाच वेतावरून निर्णय घेऊ नये. त्याच जोडीच्या चार-पाच वेतांची बेरीज करून मग प्रमाण पाहावे. चाळीस पिलांत दहाच्या आसपास पांढरी आढळली, तर अंदाज बरोबर ठरला असे मानण्यास हरकत नाही.

एकाच जागेची चार रूपे

आतापर्यंत ‘र’ व ‘प’ अशी दोनच रूपे घेतली. प्रत्यक्षात या जागेवर येणाऱ्या जनुकाची अनेक रूपे आहेत. त्यांपैकी चार ससेपालकास उपयोगी आहेत. पहिले पूर्ण रंगाचे. यात केसांवर काळ्या पट्ट्यांबरोबर पिवळसर पट्टाही उमटतो. दुसरे चिंचिला, यात पिवळसर पट्ट्याच्या जागी मोत्यासारखा पांढरा पट्टा येतो आणि ससा रुपेरी करडा दिसतो. तिसरे हिमालयन, यात अंग पांढरे राहून नाक, कान, पाय व शेपूट एवढेच भाग काळसर होतात. कॅलिफोर्नियन जातीचे ससे या प्रकारचे होत. चौथे पांढरे, न्यूझीलंड व्हाइट हे त्याचे परिचित उदाहरण.

याच क्रमाने वरचे रूप खालच्या रूपावर प्रभावी आहे. परंतु एका सशात जागा दोनच असल्यामुळे दोनांहून अधिक रूपे त्याच्याजवळ असू शकत नाहीत. त्यावरून पुढील नियम लक्षात ठेवावा. चिंचिला जोडीस चिंचिला, हिमालयन किंवा पांढरी पिले होऊ शकतील, पण पिवळसर पट्ट्याचे पूर्ण रंगाचे पिलू होणार नाही. कॅलिफोर्नियन जोडीस पांढरे पिलू होऊ शकेल, पण चिंचिला होणार नाही. थोडक्यात, या जागेपुरते पाहता पिले पायरी उतरतात, आईबापांची पायरी ओलांडून वर चढत नाहीत.

हिमालयन प्रकारात एक विशेष आहे. त्याच्या शरीरात रंग तयार करणारे द्रव्य उष्णतेने निकामी होते आणि थंड भागातच काम करते. म्हणून शरीराचे जे अवयव थंड राहतात, त्यांवरच रंग चढतो. थंडीच्या दिवसांत हे भाग गडद होतात, कडक उन्हाळ्यात ते फिकट पडतात. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात वाढलेल्या कॅलिफोर्नियन पिलांचे कान फिके दिसले, म्हणून ती भेसळीची आहेत असे ठरवू नये. हिवाळ्यात केस झडून नवे आल्यावर पुन्हा पाहावे.

पांढऱ्याखाली दडलेले रंग

पांढऱ्या सशास स्वतःचा रंग नसतो असे आपण म्हणतो, ते बाहेरून पाहता खरे आहे. पण काळा, तपकिरी, निळसर यांपैकी कोणता रंग द्यावयाचा हे ठरविणारी जनुके त्याच्यातही असतात. रंग उमटण्याची वाटच बंद असल्यामुळे ती दिसत नाहीत, इतकेच. भिंतीला चुना दिला म्हणजे खालचा रंग झाकला जातो, तसा हा प्रकार आहे.

यामुळे एक चमत्कारिक वाटणारी घटना घडते. काळ्या नराची पांढऱ्या मादीशी जोडी लावली असता एकही पिलू काळे वा पांढरे न होता सर्वच्या सर्व रानसशासारखी तपकिरी-करडी निघू शकतात. केसांवर पट्टे उमटविणारे जनुक एकरंगी काळ्या जनुकावर प्रभावी आहे. ते पांढऱ्या मादीत झाकलेले होते. काळ्या नराने रंगाची वाट मोकळी केली आणि मादीने पट्टे दिले, म्हणून पिले तपकिरी-करडी झाली. अशा पिलाच्या पाठीवर फुंकर घातली असता केसांत गोल वलये स्पष्ट दिसतात.

ही पिले पाहून रात्री रानससा पिंजऱ्याजवळ आला असावा, असा तर्क केला जातो. तो निराधार आहे. आपला रानससा आणि पाळीव ससा हे भिन्न प्राणी आहेत. पाळीव सशात ४४ व रानसशात ४८ गुणसूत्रे असतात आणि त्यांचा संकर होत नाही. शिवाय रानससा हा वन्य जीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित प्राणी आहे. त्यास पकडून पाळणे हा गुन्हा होय.

दोन गुणांचा एकत्र विचार करावयाचा असेल तर चाराऐवजी सोळा घरांची चौकट मांडावी लागते. उदाहरणार्थ, काळा नर व काळी मादी या दोघांतही निळसर-राखी रंगाचे आणि पांढरेपणाचे अशी दोन्ही अप्रभावी जनुके दडलेली असतील, तर सोळा घरांपैकी नऊ काळी, तीन निळसर-राखी आणि चार पांढरी येतील. त्या चार पांढऱ्यांपैकी एक वास्तविक ‘निळसर’ असते, पण चुन्याखाली झाकले गेल्यामुळे ते पांढऱ्यांतच मोजले जाते. दोन काळ्यांच्या पोटी एकाच वेतात तीन रंग निघालेले पाहून गोंधळून जाण्याचे कारण नाही.

येथे एक अपवाद सांगितला पाहिजे. निळ्या डोळ्यांचा पांढरा ससा हा लाल डोळ्यांच्या पांढऱ्याहून वेगळ्या जनुकामुळे पांढरा झालेला असतो. या दोहोंची जोडी लावली असता रंगीत पिले होतात, कारण एकाची उणीव दुसरा भरून काढतो. म्हणून पांढऱ्या सशाची नोंद करताना डोळ्यांचा रंग अवश्य लिहावा.

नराची परीक्षा

पैदाशीसाठी घेतलेला करडा नर शुद्ध आहे की मिश्र, हे त्याच्याकडे कितीही निरखून पाहिले तरी खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी त्याची जोडी लाल डोळ्यांच्या पांढऱ्या मादीशी लावावी. पांढऱ्या मादीकडून प्रत्येक पिलास ‘प’च मिळणार असल्यामुळे नराने काय दिले ते पिलाच्या अंगावर उघड दिसते. एक जरी पांढरे पिलू निघाले, तरी नर मिश्र आहे हे सिद्ध झाले. सातही पिले रंगीत निघाली, तर तो शुद्ध असल्याची जवळजवळ खात्री बाळगावी. कारण मिश्र नराकडून लागोपाठ सात रंगीत पिले होण्याचा संभव १२८ मध्ये एक इतकाच असतो. गर्भकाळ सुमारे ३१ दिवसांचा असल्यामुळे दीड महिन्याच्या आत हा निकाल हाती येतो.

ठिपक्यांचा मोह

पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, पाठीवर काळा पट्टा आणि नाकावर फुलपाखरासारखी खूण असणारे ससे हौशी लोकांस फार आवडतात. हे ठिपक्यांचे जनुक प्रभावी आहे आणि सुंदर ठिपके मिश्र सशातच दिसतात. दोन ठिपकेवाले ससे एकत्र आणले तर चार पिलांत सरासरी दोन ठिपक्यांची, एक एकरंगी आणि एक जवळजवळ पांढरे, तुरळक खुणांचे होते. या शेवटच्या पिलास ठिपक्यांचे जनुक दोन्हीकडून मिळालेले असते. त्याचे मोठे आतडे फुगण्याकडे कल असतो, पचन बिघडते आणि ते नीट पोसले जात नाही.

हे नुकसान आणि त्या जिवाचे हाल टाळणे आपल्या हाती आहे. ठिपकेवाल्या सशाची जोडी नेहमी एकरंगी सशाशी लावावी. त्यापासून निम्मी पिले ठिपक्यांची व निम्मी एकरंगी होतात आणि रोगट पिलू मुळीच निपजत नाही. दोन ठिपकेवाल्यांच्या जोडीपासूनही ठिपक्यांची पिले निम्मीच मिळतात. तेव्हा अशी जोडी लावून लाभ काहीच नाही, हानी मात्र निश्चित आहे.

नोंद कशी ठेवावी

वरील सर्व विवेचनाचा उपयोग नोंदवही असेल तरच होईल. प्रत्येक पैदाशीच्या सशाच्या कानावर क्रमांक गोंदवावा. एका वहीत मादीचा क्रमांक, नराचा क्रमांक, जोडी लावल्याची तारीख, विण्याची तारीख, जिवंत व मृत पिलांची संख्या आणि रंगवार पिले अशी घरे आखावीत. पिले जन्मतः केसविरहित असतात. दहाव्या दिवसाच्या सुमारास डोळे उघडतात, तोवर अंगावर केसही आलेले असतात. तेव्हा रंगांची नोंद करणे सोईचे जाते. तत्पूर्वी मेलेली पिले वगळली तर प्रमाण चुकते; म्हणून कातडीवर काळसर छटा होती की ती निव्वळ गुलाबी होती, एवढे तरी त्याच दिवशी टिपून ठेवावे.

मादी नेहमी नराच्या पिंजऱ्यात न्यावी आणि एका माजावर एकच नर दाखवावा. एकाच दिवशी दोन नर दाखविल्यास वेतात दोघांचीही पिले असू शकतात आणि मग कोणतीही चौकट जुळत नाही. पूर्वी लागलेल्या नराचा परिणाम पुढील वेतांवर होतो, ही समजूत मात्र खरी नाही. प्रत्येक वेत त्या वेळच्या नराचेच असते.

रंग आणि उत्पन्न

शेवटी एक इशारा देणे आवश्यक आहे. एकसारख्या रंगाचा कळप दिसावयास चांगला दिसतो, पण तो रंगासाठी नव्हे तर मांस, लोकर किंवा पैदाशीची पिले यांसाठी पाळलेला असतो. पिलांची संख्या, दूध तोडण्याच्या वेळचे वजन, मादीची ममता आणि रोगांस तोंड देण्याची शक्ती हे गुण आधी पाहावेत. हवा तो रंग लवकर मिळावा म्हणून बहीण-भाऊ किंवा बाप-लेक यांच्या जोड्या पुनःपुन्हा लावल्या, तर रंग स्थिर होईल, परंतु वेते लहान होतील आणि पिले अशक्त निपजतील. अंगोरा सशांत पांढऱ्या लोकरीस हवा तो रंग देता येतो, म्हणून तेथे पांढरेपणास व्यापारी मोल आहे. मांसासाठी पाळलेल्या सशांत तसे काही नाही.

जोडी विकत घेताना केवळ रंग शुद्ध दिसतो म्हणून अधिक किंमत देऊ नये. विक्रेत्याकडे आईबापांची व मागील वेतांची नोंद मागावी. राजस्थानातील अविकानगर येथे १९६२ साली स्थापन झालेली केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था सशांवरही काम करते. अशा संशोधन संस्थांत पैदाशीच्या जनावरांच्या पिढीजात नोंदी ठेवल्या जातात. तोच आदर्श लहान प्रमाणावर खेड्यातही ठेवता येईल.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ससेपालकांच्या बैठकीत पाटीवर ही चार घरांची चौकट एकदा काढून दाखवावी, आणि उपस्थितांपैकी एखाद्याच्याच कळपातील वेताचा हिशेब त्यात मांडावा. अंदाज आणि पिले यांचा मेळ बसलेला डोळ्यांनी पाहिला, म्हणजे संशयाची जागा समज घेईल. कोणतीही मादी काढून टाकण्यापूर्वी तिची वही उघडून पाहण्याची सवय लागली, तर या लेखाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.